न वाकलेला बोल्ट

नारळी पौर्णिमा सरली की आमच्याकडे खडीचे दिवस सुरू होतात. पंचांगात या ऋतूची नोंद नाही, पण नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला राहणाऱ्या कुणालाही विचारा, तो डोळे मिटून सांगेल. गणपतीच्या आधी रस्ते बरे दिसायला हवे असतात. मग एका सकाळी डंपर येतो, खड्ड्यांत खडी नि कच ओततो, दोन-तीन माणसं फावड्यांनी ती सारखी करतात आणि पुढच्या खड्ड्याकडे निघून जातात. दुपारपर्यंत खड्ड्यातली खडी खड्ड्यात उरत नाही. रिक्षा आणि टेम्पो ती चाकांनी उडवत रस्ताभर नेतात. वळणावर तर ती अशी पसरते, की कुणी अंगणात भात वाळत घातलाय असं वाटावं. चारचाकीवाल्याचं त्यात काही जात नाही. दोन चाकांवरच्या माणसाला मात्र तिथे देव आठवतो.

यंदाही डंपर आला. मी ओटीवर चहा घेत होतो. लोखंडी तळावरून दगड घसरल्याचा तो घर्र आवाज आला आणि तोंडाकडे निघालेला कप मी पुन्हा बशीत ठेवला. आतून सुनंदा, म्हणजे आमची ही, म्हणाली, "आली वाटतं खडी." मी नुसतं हूं केलं. चहा निवला, तो तसाच मोरीत ओतला.

खरं तर हे दिवस मला पूर्वी फार आवडायचे. पाऊस दमलेला असतो. भाताच्या लोंब्यांत दूध भरत असतं आणि शेतावरून येणाऱ्या वाऱ्याला एक गोडसर, ओला वास असतो. भावाच्या वाडीत सोनचाफा झपाटल्यासारखा फुलतो. पहाटे खुडलेल्या कळ्या केळीच्या पानांत बांधून बाजाराला जातात, आणि मग दिवसभर त्या वाटेवर चाफ्याचा वास नि केळीच्या चिकाचा वास एकमेकांत मिसळून रेंगाळतात. पलीकडच्या ख्रिस्ती आळीत सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना, चालू असते, त्यांची गाणी कुंपणावरून इकडे येतात. आमच्याकडे मखराचे खिळे ठोकले जात असतात. एवढं सगळं अजूनही तसंच आहे. फक्त गेल्या वर्षापासून चाफ्याचा वास आला की मी उठून खिडकी लावून घेतो. का, ते सांगायला हा लेख लिहायला बसलोय.

मी छत्तीस वर्षं टूलरूममध्ये काढली. गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात, पत्र्याखाली, लेथ नि ग्राइंडरच्या आवाजात. कारखान्यात वस्तू बनतात, आणि त्या वस्तू ज्या साच्यांवर नि सांगाड्यांवर बनतात ते टूलरूममध्ये बनतात. आमच्या धंद्यात वाकणं हा गुन्हा. सांगाडा केसभर जरी लवला, तरी त्यावरचे हजार नग बाद. मला ज्यांनी हाताला धरून शिकवलं ते मिस्त्री नवा बोल्ट हातात आला की ग्रॅनाइटच्या सपाट टेबलावर लोळवून बघायचे. डुगडुगला, की भंगारात. बोलायचे नाहीत, नुसते फेकायचे. त्या फेकण्याचा आवाज मी आयुष्यभर घाबरून ऐकला आणि पुढे मीही तसाच फेकायला लागलो.

धंद्याने मला दोन सवयी लावल्या. एक म्हणजे पाव फेरा. नट घट्ट झाला तरी माझं मन भरत नाही, वर आपला एक पाव फेरा द्यायचाच. घरातला नळ असो, गॅसचा रेग्युलेटर असो की लोणच्याची बरणी. सुनंदा पाहुण्यांना सांगते, "यांनी बंद केलेली बरणी उघडायला माणूस ठेवावा लागतो." दुसरी सवय रेघेची. बोल्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून खालच्या भागापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढायची. पुढे कुणी त्याला हात लावला, तर रेघ तुटलेली दिसते. आमची मानसी सात वर्षांची असताना तिच्या सायकलच्या प्रत्येक नटावर मी अशी लाल रेघ ओढून दिली होती. शाळेतून आली की दप्तर न काढता ती सायकलीपुढे उकिडवी बसायची, एकेक रेघ तपासायची आणि अंगणातून ओरडायची, "पप्पा, कोणी हात नाही लावला!" मग जेवायला यायची.

ती मानसी मोठी झाली, फिजिओथेरपिस्ट झाली. सकाळी विरारच्या एका दवाखान्यात जाते आणि दुपारनंतर आसपासच्या गावांतून घरोघरी फिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांचे खांदे नि गुडघे हलते करते. एवढ्या फिरण्याला स्कूटर पुरली असती. तिने आणली निळी स्पोर्ट बाइक. पुढे ओणवं बसायचं, टाकी पोटाला लागते, दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचं चकचकीत कवच, आणि चालू केली की शेजारच्या अंगणातल्या कोंबड्या पळतात. मी तिच्याशी अठरा दिवस बोललो नाही. रागाने म्हणाल तर तसं नव्हतं, मी घाबरलो होतो. पण आमच्या घरात बापाची भीती तोंडावर आली की ती रागासारखीच दिसते, आणि मीही तो गैरसमज दूर केला नाही.

अठराव्या दिवशी तिनेच कोंडी फोडली. हातात एक छोटं खोकं घेऊन ती ओटीवर आली. "पप्पा, हे बघा ना जरा. फ्रेम स्लायडर. रिद्धीचे आहेत, तिने अजून बसवले नाहीत. मलाही असेच घ्यायचेत." रिद्धी म्हणजे तिच्याबरोबर रविवारी गाडी फिरवणारी मैत्रीण. खोक्यात मुठीएवढे दोन काळे प्लास्टिकचे गोळे आणि दोन लांब बोल्ट होते. इंजिन ज्या बोल्टने फ्रेमला धरलेलं असतं तो काढायचा, त्या जागी हा लांब बोल्ट घालून त्यावर गोळा बसवायचा. तो गाडीच्या दोन्ही कुशींना बाहेर डोकावत राहतो. गाडी आडवी पडली की आधी तो जमिनीला टेकतो आणि घासत जातो, टाकी नि इंजिन वाचतं. त्याने झिजायचं, बाकीच्यांनी वाचायचं.

मी बोल्ट हातात घेतला आणि नाक मुरडलं. "हा तर वाकेल."

"वाकायलाच हवा म्हणे. नेटवर लिहिलंय. बोल्ट वाकला तर फ्रेम वाचते."

"नेटवाल्याने लेथ बघितलीय कधी? दे इकडे. मी बनवतो."

अठरा दिवसांनी मी तिच्याशी बोललेले पहिले बोल ते. ती इतकी खूश झाली, की तिने पुढे वाद घातला नाही. आता मला वाटतं, तिने घालायला हवा होता. पण बाप बोलायला लागला, याच आनंदात ती होती.

मी बनवले. सगळी हौस ओतून बनवले. डेलरिन नावाचं कठीण प्लास्टिक असतं, त्याचा काळा दांडा गाळ्यावर पडून होता. तो लेथवर चढवला, की हत्यारापुढून त्याच्या लांबच लांब शेवया निघतात, आणि जरा तापला तर डोळ्यांना झोंबणारा एक तीव्र वास येतो. पन्नास मिलिमीटर व्यास, आरशासारखं फिनिश. आत पोलादी नळीची बुश ठोकली. बोल्ट घेतला तो सगळ्यात कडक, हाय टेन्साइल. आणि लांबी? इथे मी हुशारी केली. गाडी अंगणात थोडी कलती धरून मी हँडलच्या टोकापासून पाय ठेवायच्या दांडीपर्यंत एक पट्टी लावून बघितली. बाजारचा स्लायडर प्लास्टिकच्या कवचाबाहेर जेमतेम आला असता. म्हणजे गाडी वाचेल, पण पोरीचा पाय? तो खाली सापडणारच. मी लांबी चाळीस मिलिमीटरने वाढवली, म्हणजे गाडी पडली तरी खाली पायापुरती जागा राहील. बाजारवाले गाडीसाठी बनवतात, मला पोरीसाठी बनवायचा होता. एवढा साधा विचार होता, आणि माझं सगळं चुकलं ते त्या विचारातच.

रविवारी सकाळी आम्ही ते बसवले. तो दिवस मला अजून बारीकसारीक तपशिलांसह आठवतो. अंगणात ऊन-सावली होती. इंजिनखाली लाकडी ठोकळा नि जॅक लावला होता, कारण बोल्ट काढला की इंजिन लोंबकळतं. एका वेळी एकच बाजू उघडायची, हा नियम मी तिला तीनदा सांगितला आणि तिने तीनदा मान डोलावली. ती लादीवर मांडी घालून मला पाने देत होती. मधेच सुनंदाने दोघांच्या हातावर वाळवलेल्या केळ्याचं सुकेळं ठेवलं. ग्रीसच्या बोटांनी आम्ही ते खाल्लं. दोन्ही बोल्ट आवळले आणि वर दोन्हींना माझा पाव फेरा दिला. रंग संपला होता, तर मानसीने आतून लाल नेलपॉलिश आणली आणि स्लायडरच्या भोकात वाकून बोल्टच्या डोक्यांवर रेघा ओढल्या. "झालं, आता कोणी हात लावून दाखवा." भावाच्या वाडीतून चाफ्याचा वास येत होता. मला वाटलं, झाली एकदाची सगळी भीती आवळून.

गणपती यायला चार दिवस होते. शेजारच्या गास गावात एका आजोबांचा खांदा बघून ती परत येत होती. जिथे डांबर संपतं आणि सिमेंटचा रस्ता सुरू होतो तिथे वळण आहे. सिमेंटचा काठ डांबरापेक्षा चार बोटं वर राहिलाय. त्या वळणावर त्याच सकाळी खडी पडली होती. गाडी वेगात नव्हती. एका अनोळखी नंबरवरून फोन आला, आणि पलीकडचा माणूस "घाबरू नका" म्हणाला, तेव्हाच मी घाबरलो.

नडगीची दोन्ही हाडं गेली. ऑपरेशन करून आत सळई घातली. दवाखान्याच्या बाकावर बसलेला मी, डोळ्यांत प्राण आणून दाराकडे बघणारी सुनंदा, यातलं काही वेगळं सांगण्यासारखं नाही, ते ज्याच्या त्याच्या घरी कधी ना कधी घडतंच. वेगळं घडलं ते तिसऱ्या दिवशी. ज्यांनी मानसीला उचलून रिक्षात घातलं, त्या बाळूदादांचे आभार मानायला मी गासला गेलो. त्यांचं शेत त्या वळणाला लागून आहे. बांधावर बसून, विडी हातात तशीच न पेटवता धरून ते सांगायला लागले.

"मी हितंच होतो भाऊ, बांधावर. पोर घसरली ती माज्या डोल्यांसमोर. गाडी येका बाजूला, पोर तिच्या मागं, दोघी आपल्या घसरत चालल्या. मना वाटला आता थांबतील. काय जास्त लागनार नाय. आनि मंग गाडी अडली ना."

"अडली? कशाला?"

"कोन जाने. त्या सिमेटच्या काठाला काय तरी अडकला तिचा. कोनी लाथ मारावी तशी उभी झाली, नि उलटी होऊन पोरीच्या पायावर आली. अडली नसती तं पोर कपडे झटकून उभी राहती बघा."

विडी पेटवायला त्यांनी मान खाली घातली, ते बरं झालं. माझं तोंड त्या वेळी कुणी बघू नये असंच झालं असणार.

परत येताना मी त्या काठापाशी उकिडवा बसलो. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, माणसं वळून बघत होती. सिमेंटच्या कडेला अर्धचंद्रासारखा एक ताजा खळगा पडला होता आणि त्यात काळं काहीतरी घासून बसलं होतं. खिशात मापायची व्हर्नियर असण्याची माझी जुनी सवय. मी ती उघडली आणि खळगा मापला. पन्नास. माझ्या स्लायडरच्या व्यासाशी दशांशाचासुद्धा फरक नाही. छत्तीस वर्षं मी माझी मापं बरोबर आल्याबद्दल देवाचे आभार मानत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा मी मनात म्हणालो, देवा, एकदा तरी चुकू दे. पुन्हा मापलं, पुन्हा पन्नासच.

आखूड स्लायडर असता तर तो त्या काठावरून घासत पुढे गेला असता, किंवा त्याचा मऊ बोल्ट वाकून आडवा झाला असता. शपथेवर नाही सांगता येणार. पण माझा लांब होता म्हणून अडकला आणि कडक होता म्हणून वाकला नाही, आणि जो वाकत नाही तो आपल्याला बसलेला सगळा हिसका मागच्याला देऊन मोकळा होतो. गाडी एव्हरशाईन कॉलनीमधल्या सलीमच्या गॅरेजवर होती. सलीम चांगला मेकॅनिक, मनाने त्याहून चांगला. तो मला लांबूनच बघून उठला.

"काका, ये बोल्ट कोणी बनवला? एवढी आपटली गाडी, तरी बघा, एक नंबर सीधा आहे! लेकिन इंजिनला धरणारा माउंट गेला, आणि फ्रेमला पण तडा आहे. बोल्टला काहीच नाही. मानलं पाहिजे."

मी बोल्ट मागून घेतला. गाळ्यावर जाऊन ग्रॅनाइटच्या टेबलावर ठेवला आणि हलकेच ढकलला. तो एकसारखा, न डुगडुगता लोळत गेला आणि काठावरून माझ्या हातात पडला. आमच्या मिस्त्रींनी पाठ थोपटली असती. तो मी माझ्या खणात चिंध्यांखाली ठेवला.

आणि मी गप्प बसलो. सुनंदालाही सांगितलं नाही. आधी वाटलं, पोरीचे टाके ओले आहेत, कशाला. मग ती वॉकर घेऊन अंगणात चालायला लागली. पेशंटला ओरडते तसं स्वतःलाच ओरडायची, "टाच आधी, मानसी, टाच आधी," आणि ओठ दाताखाली धरून पुढचं पाऊल टाकायची. तेव्हा वाटलं, आता कशाला. मग ती बिनकाठीने चालली, आणि तेव्हा तर सांगण्याची वेळच निघून गेल्यासारखं झालं. रोज वाटायचं, कालच सांगायला हवं होतं.

भेटायला माणसं यायची. मानसी पाय उशीवर ठेवून सगळ्यांना तेच सांगायची. "पप्पांनी स्वतः बनवलेले स्लायडर होते म्हणून गुडघा वाचला. नाहीतर पूर्ण पाय गेला असता." माणसं माझ्याकडे कौतुकाने बघायची. मी चहाच्या कपात बघायचो. आणि आता लिहायलाच बसलोय तर तेही लिहितो, की ती असं म्हणायची तेव्हा मला बरं वाटायचं. लाज वाटते, पण वाटायचं. पोरीच्या तोंडून असं कौतुक माझ्या वाट्याला तोवर कधी आलं नव्हतं.

या श्रावणात गाडीला नवी फ्रेम बसून आली. सुनंदाने आकांत केला, पण मानसी म्हणाली, "आई, मी पेशंटला सांगते ना, पडलात तिथूनच परत चालायला लागा. मग मी नको?" आणि मला म्हणाली, "पप्पा, स्लायडर परत बनवायचे. तसेच. माझे, आणि ग्रुपमधल्या अजून तिघींना हवेत." मी आज-उद्या करत राहिलो. कधी दांडा मिळत नाही म्हटलं, कधी लेथ बिघडली म्हटलं. शेवटी डंपर आला त्या दिवशी मी उठलो, एव्हरशाईनमधल्या स्पेअरपार्टच्या दुकानात गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा एक तयार वस्तू, जी मी हाताने बनवू शकतो, ती विकत घेतली. आखूड, गोलसर तोंडाचे स्लायडर, आणि साधे बोल्ट. दुकानदाराला वाटलं असेल, म्हातारा एवढा वेळ त्या खोक्याकडे का बघतोय.

शनिवारी दुपारी ती स्लायडर न्यायला गाळ्यावर आली. निवृत्त झालो तरी मी आठवड्यातून तीन दिवस तिथे जाऊन बसतो. रिक्षातून उतरताना ती अजून दुखरा डावा पाय आधी टाकते. टेबलावरचं खोकं तिने उघडलं.

"हे काय? विकतचे? घरात टूलरूमवाला असताना?"

उत्तर मी घोकून ठेवलं होतं. "हात थरथरतो हल्ली. लेथवर नको वाटतं."

ती लगेच गंभीर झाली. मी विसरलोच होतो की तिचा धंदा काय आहे. तिने माझा हात हातात घेतला, मनगट फिरवून बघितलं. "समोर धरा. बोटं पसरा. डोळे मिटा." मी मिटले. हात दगडासारखा स्थिर होता, मेल्याने त्या वेळी तरी साथ द्यायची. "कुठे थरथरतोय? मस्त आहे हात. कंटाळा आला म्हणून सांगा ना सरळ." ती हसली. "बरं, राहू दे. मी हे लावते. रिद्धीचं तर कामही झालं. माझा तो उजवीकडचा, न घासलेला जुना स्लायडर तिने नमुना म्हणून नेला होता, विरारला तसेच बनवून घेतले. डिट्टो तुमच्या मापाचे. बोल्टपण हाय टेन्साइल. मीच सांगितलं तिला, काटकसर करू नकोस म्हणून."

"बसवले?"

"काल बसवले."

"आता कुठे आहे ती?"

"घरी असेल. पाच वाजता निघते क्लासला. का?"

साडेचार वाजले होते. बाहेर रस्त्यावर टेम्पोच्या चाकाखाली खडी कर्र कर्र वाजत होती.

"तिला फोन कर," मी म्हटलं. "गाडी काढू नको म्हणावं. ते स्लायडर घातक आहेत. तुझी गाडी तसल्याच स्लायडरमुळे उलटली. माझ्या लांबीमुळे काठात अडकली. माझ्यामुळे."

तिने माझ्याकडे बघितलं. आधी फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा उचलला, तोवर मी लेथचा दांडा धरून घड्याळाकडे बघत होतो.

"रिद्धी, निघालीस? नाही ना? ऐक, गाडी काढू नकोस. नाही ग, मस्करी नाही. रिक्षाने जा. आधी ते स्लायडर काढायचे, मग गाडी. मी चुकीचं सांगितलं तुला. हो, मीच. उद्या येते नि सांगते."

फोन खाली ठेवून ती स्टुलावर बसली. "तुम्हाला कधी कळलं?"

"तिसऱ्या दिवशी."

"कुठल्या तिसऱ्या?"

"तू पडलीस त्याच्या."

तिने आपल्या पायाकडे बघितलं. मग म्हणाली, "लांब केले ते ठीक आहे, पप्पा. माझ्यासाठीच केले. पण वर्षभर मी सगळ्यांना सांगत होते आणि तुम्ही समोर बसून ऐकत होता. रिद्धीला काही झालं असतं, तर तिच्या आईला मी काय सांगितलं असतं?" मी खण उघडून चिंध्यांखालचा बोल्ट काढला आणि तिच्यापुढे ठेवला. तिने तो ग्रॅनाइटवर लोळवला. लहानपणी ती माझ्या शेजारी उभी राहून असेच बोल्ट लोळवायची. तो एकसारखा लोळत गेला. "खरंच सरळ आहे," ती म्हणाली आणि पर्समध्ये टाकून उठली. रिक्षातून आम्ही दोघं एकत्र घरी आलो. वाटभर खडी खालून पत्र्यावर टणटण लागत होती. ती बाहेर बघत होती.

काल रविवार होता. मला वाटलं होतं, ते विकतचे स्लायडर बसवायला ती गाडी सलीमकडेच नेईल. पण सकाळी अंगणात जॅक नि ठोकळा काढलेला दिसला. "इंजिन धरायला माणूस लागेल," ती म्हणाली. मी जाऊन बसलो. बाकी सगळं तिने केलं. एका वेळी एकच बाजू. सलीमकडून तिने टॉर्क पाना आणला होता, ठरलेल्या ताकदीला बोल्ट आवळला गेला की तो टक् वाजतो, म्हणजे थांबायचं. उजवीकडे टक् वाजलं, ती थांबली. डावीकडे टक् वाजलं, थांबली. माझी बोटं आपोआप आवळली गेली होती. मग तिने नेलपॉलिश काढली, या वेळी जांभळी, आणि दोन्ही भोकांत वाकून रेघा ओढल्या. ती हात धुवायला विहिरीकडे गेली.

अंगणात मी, गाडी आणि तो पाना. दोन वीत अंतरावर. मन म्हणत होतं, हा पाना जिथे थांबतो तिथे बोल्ट खरा घट्ट होतच नाही, गाडी धक्के खाणार, एक पाव फेरा, कुणाला कळणारही नाही. आणि कळलं तरी बापाची काळजीच ती. विहिरीवर पाण्याचा आवाज येत होता. मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा, त्यांवर बसून राहिलो.

ती परत आली. ओले हात कुर्त्याला पुसले, मोबाइलची बॅटरी लावली आणि गाडीपाशी गेली. आता तिला उकिडवं बसता येत नाही, म्हणून एक गुडघा लादीवर टेकला. आधी उजवी रेघ बघितली, मग पलीकडे जाऊन डावी. दोन्ही जुळलेल्या होत्या.

"कोणी हात नाही लावला," ती म्हणाली.

या वेळी आधी 'पप्पा' म्हणाली नाही.